लाखाचा हेडफोन आणि पखवाजाची थाप

सेनहायझर कंपनीचा एचडी ६५० हा हेडफोन २००३ साली बाजारात आला, एचडी ८०० एस २०१६ साली. दुसऱ्याची किंमत लाखाच्या पुढे जाते, पहिला त्याच्या निम्म्याहूनही कमी पैशांत मिळतो. दोन्हींची तुलना करणारे लोक एकाला ‘उबदार’ म्हणतात, दुसऱ्याला ‘प्रशस्त’. बीड, परळी किंवा माजलगावात हे दोन्ही शेजारी ठेवून ऐकवणारं दुकान सापडणं कठीण, त्यामुळे इथल्या ग्राहकाला या विशेषणांवरच विसंबावं लागतं. माझ्या मते त्याची काही गरज नाही. आवाज तपासण्याचं एक उत्तम माप या जिल्ह्याच्या कानात आधीपासून आहे, ते म्हणजे पखवाज. पखवाजवादक पद्मश्री शंकरबापू आपेगावकर हे अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे. आणि कीर्तन-भजनाच्या निमित्ताने हे वाद्य गावोगावच्या मंदिरांत वाजतं. पखवाज समोर बसून ऐकलेला माणूस हेडफोनमधला पखवाज खरा की खोटा हे ओळखू शकतो. परदेशी गाण्यांच्या ठरावीक यादीवरून हेडफोन जोखणाऱ्याकडे ही सोय असेलच असं नाही.

पखवाजच का, याला कारण आहे. बहुतेक चर्मवाद्यांचे उपस्वर एकमेकांशी सुरात नसतात, म्हणून त्यांचा नुसता धडधडाट ऐकू येतो. आपल्याकडच्या चर्मवाद्यांवर शाई, म्हणजे काळा लेप, चढवल्यामुळे हे उपस्वर सुरेल पटींत बसतात, असं सी. व्ही. रामन यांनी १९२० च्या सुमारास दाखवून दिलं होतं. पखवाजाच्या उजव्या तोंडाला शाई असते, तर डाव्या तोंडाला ओली कणीक लावून आवाज खाली उतरवतात. म्हणजे एकाच थापेत खोल घुमारा, मधला सूर आणि बोटांचा टणत्कार असं सगळं असतं, आणि हेडफोनने यातलं काही फुगवलं किंवा खाल्लं तर तोल लगेच बिघडतो. जुन्या एचडी ८०० मध्ये सहा हजार हर्ट्झच्या आसपास आवाज टोकदार होई. एस आवृत्तीत तिथे शोषक बसवून ते टोक कमी केलं, तरी त्याचा कल उजळपणाकडेच राहिला. त्यावर बोटांचा आघात सुटा आणि स्वच्छ येतो, पण थापेचं अंग थोडं बारीक वाटतं. एचडी ६५० मध्ये मधला सूर भरीव आहे, टणत्कार जरा मागे सरतो. कणकेच्या बाजूचा सर्वांत खालचा घुमारा मात्र दोघांनाही पुरता पेलत नाही. उघड्या पाठीच्या या धाटणीच्या हेडफोनांची ती जुनीच मर्यादा आहे.

यावर कोणी म्हणेल, ध्वनिमुद्रण करतानाच मायक्रोफोनने आणि तंत्रज्ञाने आवाज बदललेला असतो, मग खरं-खोटं कसलं? आक्षेप रास्त आहे. पण ध्वनिमुद्रण तेच ठेवून हेडफोन बदलला, तर कानाला जाणवणारा फरक हेडफोनचाच असणार. आणि चार-पाच वेगवेगळी मुद्रणं घेतली तर एखाद्या मुद्रणातली खोट वेगळी काढता येते. खरी फसगत दुसरीकडेच होते. आवाज जरा मोठा झाला की आपल्याला तो अधिक भरदार आणि खोल वाटतो. आवाजाची पातळी बदलली की कानाला जाणवणारा तोल बदलतो हे संशोधक फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. दोन हेडफोन एकाच पातळीवर आणल्याशिवाय दिलेला निकाल, तो कितीही अनुभवी माणसाचा असो, मला अर्धवट वाटतो. त्यात किंमत आधीच ठाऊक असेल तर कान पाकिटाच्या बाजूने साक्ष देतात.

किमतीचंही तसंच. २०१७ साली संशोधक जेरोन ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मोजमापं तपासली, तेव्हा किंमत आणि आवाजाचा तोल यांत काहीच संबंध आढळला नाही. हजार रुपयांचा इअरफोन घेणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही बातमी लाखाच्या ग्राहकापेक्षा मोठी आहे. मग आवड ज्याची त्याची, असं म्हणून विषय संपवावा का? ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी हेडफोनांचे वेगवेगळे आवाज कॅनडा, अमेरिका, जर्मनी आणि चीनमधल्या श्रोत्यांना ऐकवून पाहिलं, तेव्हा वय आणि देश बदलला तरी आवड बरीच सारखी निघाली. त्या यादीत भारत नव्हता, पण ‘ज्याची त्याची आवड’ ही सबब त्यामुळे लंगडी पडतेच.

या दोघांतच निवडायचं तर भजन-कीर्तन आणि गाणं ऐकणाऱ्याने एचडी ६५० घ्यावा, असं माझं मत आहे. मोठ्या वाद्यवृंदात कोण कुठे बसलंय हे ऐकण्याची हौस असेल तर ८०० एसच्या प्रशस्तपणाला तोड नाही, हेही मान्य. पण दोघांचाही रोध ३०० ओहम, त्यामुळे नुसत्या मोबाइलवर ते दबलेले वाटतील; वाचलेल्या पैशांतला काही भाग अॅम्प्लिफायरवर घालवावा लागेल. शिवाय दोघांची पाठ उघडी, बाहेरचा आवाज थेट आत येतो. बीडच्या मे महिन्यात डोक्यावर पंखा फिरत असताना थापेनंतरची जी आस ऐकण्यासाठी लाख रुपये मोजायचे, ती पंख्याच्याच घरघरीत बुडते. ऐकायचंच असेल तर पहाटे ऐकावं.