पगार विचारणे म्हणजे हाव नव्हे

रमजानचे रोजे आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या नोकरीच्या मुलाखती यंदा एकदमच आल्या आहेत. इफ्तार उरकून तरावीहला निघण्याआधी रत्नागिरीतल्या अनेक घरांत सध्या एकच विषय असतो. एक ऑफर पुण्याची, एक इथलीच, हो कुणाला म्हणायचे? आणि त्याहून अवघड म्हणजे पगार थोडा वाढवून मागायचा का? घरातले मोठे बहुधा सांगतात, मिळतेय ते घे, शुक्र कर, रमजानात हाव बरी नव्हे. शेजारच्या हिंदू घरातही सल्ला हाच, फक्त शब्द वेगळे. नारळ काढायला येणाऱ्याला मजुरी विचारली तर ‘द्या काय ते’ म्हणणारा हा मुलूख. पैशांचे तोंडाने बोलायची लाज इथे सर्वधर्मीय आहे.

‘घाम सुकण्याआधी मजुरी द्या’ ही पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण दरवर्षी सांगितली जाते. तिच्या शेजारची हदीस मात्र क्वचित ऐकू येते: ज्याला कामावर घ्याल, त्याला मजुरी आधी सांगा. म्हणजे आकडा उघड करण्याची जबाबदारी काम देणाऱ्याची. त्याने ती टाळली, तर विचारणारा उद्धट कसा ठरतो?

आणखी एक प्रसंग आहे. मदत मागायला आलेल्या एका गरिबाच्या घरातले जाडेभरडे कापड आणि पाणी प्यायचा वाडगा पैगंबरांनी स्वतः लिलावाला काढला. एकाने एक दिरहम सांगितला. ‘यापेक्षा जास्त कोण देतो?’ असे त्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा दुसऱ्याने दोन दिले. एका दिरहमचे अन्न घरी गेले, दुसऱ्याची कुऱ्हाड आली आणि तो माणूस लाकडे तोडून विकू लागला. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीच्या लिलावात हेच तर चालते. बोली चढली म्हणून तांडेलाला कुणी हावरट म्हणत नाही. मग दोन ऑफर हातात असलेल्या मुलीने ‘तिकडे इतके देतायत, तुम्हाला काही वाढवता येईल का?’ असे विचारले तर त्यात वावगे काय?

पण बोलीलाही मर्यादा आहे. भाव चढवण्यासाठी खोटी बोली लावण्याला इस्लामी व्यवहारशास्त्रात ‘नजश’ म्हणतात आणि ते निषिद्ध आहे. हातात नसलेली ऑफर दाखवून पगार वाढवून घेणे हा त्याचाच प्रकार. सौदा ठरल्यावर त्यावर दुसरा सौदा करण्यालाही मनाई आहे. म्हणून सगळी घासाघीस ‘हो’ म्हणण्याआधी. पुण्याहून घाट उतरून कॉलेजात आलेल्या कंपनीला होकार द्यायचा आणि रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद ठेवायचा, याची किंमत त्या मुलाला नाही, पुढच्या वर्षीच्या मुलांना मोजावी लागते. कंपनी पुन्हा फिरकत नाही. मागाहून खरोखरच चांगली संधी आली तर वेळेत कळवावे, मोकळे करण्याची विनंती करावी. गायब होऊ नये.

आता आकडा. बोलणी बहुतेक इथेच फसतात, कारण मुले सीटीसीची तुलना हातात येणाऱ्या पगाराशी करतात. समजा, पुण्याची ऑफर वर्षाला ४,२०,००० ची, म्हणजे कागदावर महिना ३५,०००. मूळ पगार त्याच्या निम्मा, १७,५००. कंपनीच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी २,१०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ८४० त्यातच धरलेले. दहा टक्के रक्कम ‘कामगिरीनुसार’, म्हणजे ३,५०० बेभरवशाचे. विम्याचे ५०० वजा. मग मुलाच्या वाट्याचा निधी २,१०० आणि व्यवसाय कर २००. हातात उरतात २५,७५० च्या आसपास. त्यातून पुण्याची खोली आणि मेस. इथल्या एमआयडीसीत घरून जाऊन-येऊन हातात २४,००० मिळत असतील, तर कुठली ऑफर मोठी? शिकायला काय मिळणार, हा हिशेब अर्थात वेगळा, आणि कधी कधी तोच जास्त महत्त्वाचा.

मोठ्या कंपन्या शेकड्यांनी मुले घेतात तेव्हा आकडा सगळ्यांना सारखाच असतो, तो सहसा हलत नाही. तिथे रुजू होण्याची तारीख, शहर, पहिल्या महिन्याच्या राहण्याची सोय, बाँडची मुदत यांवर बोलावे. छोट्या कारखान्यात मालक समोरच बसलेला असतो. तिथे दोन-तीन हजार वाढू शकतात, फक्त मागावे लागतात.

शब्दाचे ओझे एकट्या मुलांनीच वाहायचे, हे मात्र पटणारे नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने वर्षाला साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या नवपदवीधरांना साडेतीन लाखांवर रुजू होणार का, असे विचारले. ही मुले महिनोन् महिने वाट पाहत थांबली होती. पुण्यातल्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने त्यावर जाहीर आक्षेप घेतला. ठरलेला आकडा कंपनीनेच निम्म्याजवळ आणला, तर त्या क्षणी मुलगाही आपल्या होकारातून मोकळा होतो. तिथे निष्ठेचे धडे त्याला देऊ नयेत.

आपल्याकडचा प्रकार याहून साधा आणि जुना. ‘आपल्याच गावचा आहेस, पगाराचे नंतर बघू,’ असे म्हणत मालक पाठीवर हात ठेवतो. मालक ओळखीचा, कदाचित वडिलांचा दोस्त, कदाचित कालच्या इफ्तारला शेजारी बसलेला. मुलगा लाजून गप्प बसतो आणि चार महिने कागदाशिवाय राबतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नियुक्तीपत्र देणे बंधनकारक केले आहे. ‘काका, पगाराचा आकडा घालून पत्र द्याल ना?’ एवढे त्याने पहिल्याच दिवशी विचारावे. आणि विचारले म्हणून घरच्यांनी त्याला रागावू नये.