गोळी लहान, निर्णय मोठा

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याला शंभर वर्षे उलटून गेली. आज यवतमाळ जिल्ह्यातील आरोग्य केंद्रात 'माला-एन'चे पाकीट विनामूल्य मिळते; घरात मात्र त्याविषयी बोलण्याचा संकोच अद्याप सुटलेला नाही. 'गोळ्या म्हणजे विष' ही धास्ती एका टोकाला, तर 'काही होत नाही, घेऊन टाक' ही बेफिकिरी दुसऱ्या टोकाला. लेकी-सुनांच्या प्रकृतीला दोन्ही सारखीच घातक आहेत.

प्रथम लाभ पाहू. गोळी न चुकता घेतली, तर शंभर स्त्रियांमागे वर्षभरात एखादीलाही क्वचितच दिवस जातात. विसराविसर होऊ लागली की हीच संख्या सातच्या घरात जाते. पाळीतील रक्तस्राव कमी होतो. पाकिटातील अठ्ठावीसपैकी सात गोळ्या तर लोहाच्याच असतात. रक्तक्षयाने थकलेल्या स्त्रीसाठी हे थोडे नव्हे. अंडाशय आणि गर्भाशयाचे अस्तर यांच्या कर्करोगाची शक्यताही घटते. गोळी थांबविल्यावर मातृत्वाची वाट पुन्हा मोकळी होते. गोळीने कायमचे वंध्यत्व येते, हा समज निराधार आहे.

आता दुसरी बाजू. आरंभीच्या महिन्यांत मळमळ, डोकेदुखी, मधेच रक्तस्राव असे त्रास संभवतात. ते बहुधा ओसरतात. शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका विरळा असला, तरी तो प्राणावर बेतू शकतो. गोळी चालू असताना स्तनाच्या कर्करोगाची शक्यता किंचित वाढते व बंद केल्यावर हळूहळू ओसरते. म्हणूनच उच्च रक्तदाब, यकृताचा गंभीर विकार, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन उठणारी अर्धशिशी, पूर्वी झालेली गुठळी किंवा पस्तिशीनंतरचे धूम्रपान असेल, तर ही गोळी टाळावी. अंगावर पाजणाऱ्या मातेनेही पहिले सहा महिने ती घेऊ नये. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. या आजारात गुठळीचा धोका मुळातच अधिक असल्याने ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये.

पर्याय आपल्याच देशात घडला आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने शोधलेली, संप्रेरकविरहित गोळी सरकारी केंद्रांत 'छाया' या नावाने मिळते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदाच घ्यावयाची ही गोळी स्तनदा मातेलाही चालते. पाळी लांबणे हा तिचा मुख्य दोष.

खरा प्रश्न भार कोणी वाहायचा, हा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती. गोळी घेणाऱ्या ५.१ टक्के, तर पुरुष नसबंदी अवघी ०.३ टक्के. लागोपाठ बाळंतपणे आणि मग थेट शस्त्रक्रिया, या क्रमात स्त्रीच्या शरीराला विसावा मिळतच नाही. दोन अपत्यांतील अंतर हा तो विसावा आहे, आणि गोळी त्याचे एक साधन आहे.

मातृत्वाला आपण वंदनीय मानतो. मग मातेची प्रकृती हा कुटुंबाच्या चर्चेचा विषय का नसावा? औषधाच्या दुकानातून गुपचूप पाकीट आणण्यापेक्षा पतीने पत्नीसोबत दवाखान्यात जावे, रक्तदाब मोजून घ्यावा, शंका विचाराव्यात. सासूबाईंनीही त्या निर्णयाची पाठराखण करावी. गोळी घ्यावी की नाही, याचे उत्तर प्रत्येकीचे वेगळे असेल. ते शोधताना ती एकटी नसावी, एवढे आपल्या हाती निश्चित आहे.