प्रश्नावली भरून झाली, पोरीचं काय?

दसरा झाला की पाथर्डी तालुक्यात मुकादमांच्या गाड्या लागतात. उचल पावसाळ्यातच घेऊन खर्च झालेली असते. दिवाळीच्या आगेमागे वाड्यावस्त्या रिकाम्या होतात. घरांत उरतात ती म्हातारी माणसं, शाळेसाठी मागे ठेवलेली पोरं आणि दारांची कुलुपं. आणि नेमक्या याच दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, दुसरी एक टोळी तालुक्यात येते. प्रश्नावल्या घेऊन आलेल्या विद्यार्थ्यांची.

पूर्वी समाजकार्याच्या आणि समाजशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांतलेच येत. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता पदवीच्या वर्गांनाही 'क्षेत्र प्रकल्प' आला आहे. त्यामुळे टोळी वाढली. विषय मात्र तेच तीन: युवकांचे शिक्षण, बालविकास आणि सोशल मीडियाचे दुष्परिणाम. एका प्रकल्पाचं मुखपृष्ठ काढून दुसऱ्याला लावलं तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतक, तक्ते, टक्केवारी, शिफारशी. शेवटी व्हायवा. मग कपाट.

मैत्रिणींनो, मी स्वतः याच वाटेने आले आहे. एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला माझाही प्रबंध होता. एका वस्तीवर जाऊन मी प्रश्नावल्या भरून आणल्या, तक्ते केले, पदवी घेतली. ज्या बायांनी कामाचा खाडा करून मला चहा पाजला, त्यांना माझ्या प्रबंधातलं एक वाक्यही मी कधी वाचून दाखवलं नाही. त्यांनी कधी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. म्हणून हा लेख दुसऱ्यावर दगड मारण्यासाठी नाही. पहिला दगड माझ्यावरच आहे. पण आता गप्प बसणं शक्य नाही, असं काही घडलं आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीत एका महाविद्यालयाच्या दोन विद्यार्थिनी आमच्याकडे आल्या. विषय होता 'ग्रामीण युवकांच्या शिक्षणावर सोशल मीडियाचा परिणाम'. त्यांना गावात ओळख हवी होती. मी त्यांना एका वाडीवर घेऊन गेले. तिथे बारावीतली एक मुलगी आजीजवळ राहत होती. आईबाप कारखान्यावर गेलेले. मुलगी हुशार, आमच्या किशोरी गटात नियमित येणारी. ओट्यावर बसून प्रश्न सुरू झाले. दाराशी चुलते बसलेले होते, कुणीच त्यांना 'जरा बाजूला व्हा' म्हटलं नाही. मीही नाही. मध्येच प्रश्न आला, 'समाजमाध्यमांवर अनोळखी व्यक्तीशी मैत्री केली आहे का?' मुलगी थांबली. माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "घाबरू नकोस, खरं काय ते सांग. नाव लिहीत नाहीत." ती "हो" म्हणाली.

नाव खरंच कुणी लिहिलं नाही. पण चुलत्यांना नाव माहीत होतं.

त्याच रात्री फडावर बापाला फोन गेला. आठवड्याभरात मुलीच्या हातातला फोन गेला, मग कॉलेज गेलं, मग तिला फडावर नेलं, भाकऱ्या थापायला आणि धाकट्या भावाला सांभाळायला. बारावीची परीक्षा बुडाली. पट्टा पडून मंडळी गावी आली तेव्हा लग्न ठरलेलं होतं. तिला अठरा पुरी व्हायला सहा महिने होते. ग्रामसेवकांना लेखी कळवून, १०९८ ला फोन करून, दारात बसून आम्ही ते लग्न थांबवलं. आमच्या अहवालात 'एक बालविवाह रोखला' अशी नोंद झाली. आमच्या बैठकीत टाळ्याही वाजल्या. मला मात्र त्या टाळ्या सहन झाल्या नाहीत. कारण ती पोर मला एवढंच म्हणाली होती, "ताई, तुम्हीच म्हनला होता, खरं सांग."

त्या अनोळखी माणसाशी तिची मैत्री काय होती, हे कुणी विचारलंच नाही. स्पर्धा परीक्षेच्या एका गटातली दुसऱ्या जिल्ह्यातली मुलगी होती ती. दोघी एकमेकींना प्रश्नपत्रिका पाठवत. प्रश्नावलीत यासाठी जागा नव्हती. 'होय' आणि 'नाही' असे दोनच चौकोन होते.

पुढे तो प्रकल्प पुठ्ठ्याच्या बांधणीत आमच्या संस्थेकडे भेट म्हणून आला. ऋणनिर्देशात माझं नाव आहे. 'होय' म्हणणाऱ्यांच्या टक्केवारीत ती मुलगी आहे. आणि शेवटच्या प्रकरणात शिफारस आहे: पालकांनी मुलामुलींच्या, विशेषतः मुलींच्या, मोबाईल वापरावर लक्ष ठेवावे.

हा एका प्रकल्पाचा अपघात आहे असं मला वाटत नाही. या प्रकल्पांची घडणच अशी आहे. पहिलं म्हणजे शब्द बघा. 'युवक' म्हणायचं आणि मनात मुलगाच धरायचा. शिक्षणाचं नुकसान मोजायचं ते युवकाच्या मार्कांत. मुलीची पाळी आली की मोजायचं तिचं चारित्र्य. अनोळखी व्यक्तीशी मैत्रीचा प्रश्न मुलाला विचारला तर तो हसतो. मुलीला विचारला तर तिचं घर ऐकतं. प्रश्न एकच, पण किंमत एकीलाच पडते.

दुसरं म्हणजे कुणाला विचारतात ते बघा. हल्ली पुष्कळ जण गावातही येत नाहीत. गूगल फॉर्मची लिंक व्हॉट्सॲपच्या गटांवर टाकतात. ज्याच्या हातात स्वतःचा फोन, त्याचंच मत त्यात येणार. 'प्रथम' संस्थेच्या 'असर'ने २०२३ साली देशातल्या २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींची पाहणी केली. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे शेकडा ४३.७ होते आणि मुली १९.८. म्हणजे निम्म्याहूनही कमी. बाकीच्या मुली बापाचा, भावाचा फोन वापरतात, तोही घरातल्यांच्या डोळ्यांसमोर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया देशात शंभरात ३३ निघाल्या, पुरुष ५७. ज्या देशात दोन तृतीयांश बायांना इंटरनेट लाभलंच नव्हतं, तिथे संशोधन मात्र 'अतिवापराचं'. न मिळण्याचा परिणाम कोण मोजणार?

आणि गावात आले तरी येतात कधी? जानेवारीत. तेव्हा निम्मं गाव साखर कारखान्याच्या कोप्यांत असतं. उरलेल्यांना विचारून 'ग्रामीण बालकांचा विकास' लिहिला जातो. ज्या बालकांच्या विकासाचा खरा प्रश्न आहे, ती त्या वेळी फडात बांधावरच्या झोळीत असतात. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तिला पन्नास वर्षं झाली. पण अंगणवाडी गावात राहते आणि पोर फडावर जातं. पहाटे आई कोयता घेऊन निघते तेव्हा बाळ सांभाळते ती आठ-दहा वर्षांची बहीण. एका बालकाचा विकास दुसऱ्या बालिकेच्या खांद्यावर आणि तिची शाळा त्यापायी गेलेली. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. साखरशाळा आल्या, हंगामी वसतिगृहं आली. २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर झाली. यातलं आपल्या वाडीपर्यंत किती पोचलं, किती मुलींना खाट मिळाली, कोण का परत आलं, यावर एखादा प्रकल्प होऊ नये? फडावरची आई संध्याकाळी गावाकडच्या लेकीला व्हिडिओ कॉल लावते, त्या दहा मिनिटांत काय बोलतात मायलेकी? मोबाईलचा परिणाम तोही आहे. पण तो 'दुष्परिणाम' या रकान्यात बसत नाही.

मोबाईलचा प्रश्न खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. 'असर'च्याच २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलामुलींपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरणारे शेकडा ५७ होते आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६. पोरं रात्र रात्र रील बघतात, मुलींचे फोटो फिरवून त्यांना धमकावलं जातं, हे आपण तालुक्यात रोज निस्तरतो. ऑस्ट्रेलियाने तर सोळा वर्षांखालच्यांना या माध्यमांवर खाती ठेवण्यास बंदीच केली, डिसेंबर २०२५ पासून. आणि तिथे ती जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे, पोरांवर किंवा आईबापांवर नाही. आपल्याकडे सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद होतात, थोरांचेही. त्याच वर्षी यवतमाळच्या बांशी गावाने ठराव केला तो अठरा वर्षांखालच्यांना मोबाईलबंदीचा. या दोन ठरावांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. जिथे थोरही फोन खाली ठेवतात तिथे ती शिस्त होते. जिथे फक्त लहानांवर बंदी येते तिथे घराघरांत ती आधी कुणावर बसेल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या सगळ्या स्त्रियांचा हिशेब काढला तेव्हा शंभरातल्या जवळपास २२ मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. फोन काढून घेणं ही आपल्याकडे शिस्त नसते. पुष्कळदा ती सोयरिकीची पहिली पायरी असते.

काही मैत्रिणी म्हणतात, तू फार कठोर होतेस. ही पोरंही गरिबाघरची, शिकणारी पहिलीच पिढी. चार महिन्यांत प्रकल्प द्यायचा. गाईडकडे ढीगभर विद्यार्थी. खरं आहे. एखाद्या विद्यार्थिनीसाठी तर घरातून एकटीने निघून परक्या दारात प्रश्न विचारणं हीच पहिली मुक्ती असते. तिचा तो अनुभव मला हिरावून घ्यायचा नाही. दुसऱ्या म्हणतात, अटी घातल्या तर कुणी येणार नाही, आपले प्रश्न जगापुढे कसे जातील? त्यांना मी शेजारच्या बीडची आठवण देते. २०१९ साली ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न उठला, सरकारला समिती नेमावी लागली आणि पाहणीत ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तो आकडा गाजला, कारण बाया बोलल्या होत्या, संघटना मागे लागल्या होत्या, वर्तमानपत्रांनी लावून धरलं होतं. आकड्याशी माझं भांडण नाही. कपाटात जाणाऱ्या आकड्याशी आहे.

आणि विद्यार्थी संशोधन कसं असतं, हे आपल्याच इतिहासात लिहिलेलं आहे. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये एक निबंध छापून आला. 'ज्ञानोदय' म्हणजे आपल्या नगरलाच १८४२ साली सुरू झालेलं पत्र. निबंध लिहिला होता फुले पतिपत्नींच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या किशोरवयीन मुलीने, मांग-महारांच्या दुःखाविषयी. तिने आपल्याच वस्तीतल्या बायांची बाळंतपणं उघड्यावर, थंडीपावसात कशी होतात ते मांडलं आणि आमचा धर्म कोणता, असा जाब विचारला. तिच्याकडे प्रश्नावली नव्हती. जिच्याबद्दल लिहायचं ती आणि लिहिणारी एकच होती. आज आपल्या किशोरींच्या हाती प्रश्नावली येते ती उत्तर द्यायला. प्रश्न घडवायला कधी येणार?

म्हणून आमच्या गटाने यंदापासून काही गोष्टी ठरवल्या आहेत. तुमच्या गटांनीही ठरवाव्यात असा माझा आग्रह आहे.

प्रश्नावली आधी आमच्या बायांच्या आणि किशोरींच्या बैठकीत वाचली जाईल. ज्या प्रश्नाचं खरं उत्तर दिल्याने मुलीवर घरात संकट येऊ शकतं आणि ते निवारायची तयारी विचारणाऱ्याकडे नाही, तो प्रश्न खोडला जाईल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत पालकांच्या परवानगीबरोबर मुलाची स्वतःची संमतीही सांगितली आहे. ती तत्त्वं आरोग्याच्या संशोधनासाठी असली तरी आमच्या पोरींना ती लागू धरू. 'नाही' म्हणायचा हक्क तिचा. बोलणं होईल ते शाळेत किंवा गटाच्या जागेत, ओट्यावर नाही. फोन नसलेल्या आणि फडावर गेलेल्या कुटुंबांना वगळून 'ग्रामीण' हा शब्द वापरू दिला जाणार नाही. ते गावी परतल्यावर, उन्हाळ्यात या. आणि प्रकल्प महाविद्यालयात जमा होण्याआधी त्याचा सारांश साध्या मराठीत गावात वाचून दाखवला जाईल. बाया म्हणाल्या 'हे चूक आहे', तर तेही त्यात छापलं जाईल.

हे जिला मान्य, तिला आम्ही घरी जेवू घालू, वस्तीवर घेऊन जाऊ. ज्याला मान्य नाही त्याला पाथर्डीच्या स्टँडवरून परतीची एस.टी. मिळते.

ती मुलगी यंदा बाहेरून बारावीला बसली आहे. मागच्या महिन्यात एका नव्या विद्यार्थिनीची प्रश्नावली आमच्या बैठकीत आली तेव्हा ती कोपऱ्यात बसली होती. सगळी वाचून झाल्यावर तिने पेन मागून घेतलं आणि तीन प्रश्नांवर काट मारली. चौथ्याखाली तिने स्वतःचा एक प्रश्न लिहिला: 'तुमचा फोन काढून घेतला तेव्हा तुमचं काय काय गेलं?'

त्या विद्यार्थिनीने तो प्रश्न ठेवला आहे.