नोटिशीची वाट कशाला बघायची?

क्रिकेट ऑलिम्पिकमध्ये आलं, तेव्हा तुम्हीही स्टेटस ठेवलं असेल. १६ ऑक्टोबर २०२३, ऑलिम्पिक समितीचं मुंबईतलं अधिवेशन. त्याच दिवशी २०२८च्या लॉस एंजेलिससाठी लॅक्रोसही मंजूर झाला. काठीच्या टोकाला जाळी, जाळीत चेंडू, एका बाजूला सहा जणी. आपल्याकडे तो कधी येईल ते येवो. अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींचे लॅक्रोस क्लब चालतात कसे, ते बघण्यासारखं आहे.

तिथे कॉलेजचा अधिकृत संघ वेगळा, क्लब वेगळा. क्लब मुलीच चालवतात. अध्यक्ष, खजिनदार त्याच निवडतात. वर्गणी काढतात, मैदानाची वेळ घेतात, कोच शोधतात, सामन्याला जायची गाडीही ठरवतात.

आणि आपल्याकडे? नोटीस लागते, विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेआधी घाईघाईत निवड होते, स्पर्धा संपली की संघही संपतो. उरलेलं वर्ष मैदान मुलांचं. चितेगावहून पैठण रोडने अप-डाऊन करणाऱ्या मुलीला संध्याकाळी सरावापेक्षा परतीच्या बसचं टेन्शन जास्त. सराव दुपारी ठेवला तर? पण तिला विचारतंय कोण!

तर कबड्डी असो की खो-खो, बाराजणी जमवा. खजिनदार आधी निवडा (मैत्री हिशेबावरूनच तुटते, बरं का). मग क्रीडा संचालकांना लेखी अर्ज द्या: आठवड्यातून दोन दिवस, दुपारी तीन ते साडेचार, मैदान आम्हाला हवंय. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.