राजवाड्यातल्या कुत्र्यांची झडती कोण घेणार?

लहान पोरांच्या गोष्टीत तरी जात शोधू नका, असं आपल्याला सांगितलं जातं. सांगणारे सगळे सभ्य. डुक्कर डिटेक्टिव्ह होतं, उंदीर भिंग घेऊन ठसे तपासतो, पोरं पोट धरून हसतात. यात कसली आली जात?

दोस्तांनो, यातच आहे. ज्या गोष्टीत चोरी होते, त्या गोष्टीत संशय कुणावर घ्यायचा हेही पोराला शिकवलं जातं. आणि आपल्या देशात संशय पुराव्यावर चालत नाही. जन्मावर चालतो. वर्गात कुणाचा कंपास हरवला की मास्तर पहिलं दप्तर कुणाचं उघडतो? तुम्हाला माहीत आहे. तुमचंच उघडलं होतं.

वॉल्टर ब्रूक्स या अमेरिकन लेखकाने 1932 साली 'फ्रेडी द डिटेक्टिव्ह' लिहिलं. फ्रेडी म्हणजे शेतावरचं डुक्कर. शेरलॉक होम्स वाचतं आणि तपासाला निघतं. पुस्तक मजेदार आहे, खोटं कशाला बोलू? मांजरावर कावळा मारल्याचा आळ येतो, जनावरांचं कोर्ट भरतं, कोंबडा न्यायाधीश होतो, डुक्कर आळ खोडून काढतं. इथवर झकास. पण चोर कोण निघतो? उंदीर. एक उंदीर नव्हे, सायमन आणि त्याचं अख्खं खानदान. खेळण्यातली आगगाडी पळवणारे तेच, धान्यावर धाड घालणारे तेच, मांजरावर कुभांड रचणारेही तेच. एकावरचा आळ उतरतो आणि अख्ख्या कुळावर बसतो.

दुसरं उदाहरण बघा. ईव्ह टायटस या बाईंनी 1958 साली बेसिल नावाचा उंदीर-डिटेक्टिव्ह आणला, शेरलॉक होम्सच्याच घराखाली राहणारा. डिस्नेने 1986 साली त्यावर सिनेमा काढला. इंग्रजीत छोट्या उंदराला माऊस म्हणतात, मोठ्याला रॅट. माऊस म्हणजे सोज्वळ, रॅट ही शिवी. सिनेमातला खलनायक रॅटिगन हा रॅट. पण तो कोट घालतो, ऐट करतो आणि मी मोठा माऊस आहे म्हणून सांगतो. दारूच्या नशेत एक साथीदार त्याला रॅट म्हणून बसतो, तर हा त्याला मांजरीच्या तोंडी देतो. शेवटी घड्याळाच्या मनोऱ्यावरच्या मारामारीत कपडे फाटतात आणि आतलं जनावर बाहेर येतं.

आता सांगा, ही गोष्ट तुम्ही कुठे ऐकली आहे? आडनाव बदलून शहरात खोली घेतलेल्या आपल्या माणसाची ही गोष्ट आहे. तो कितीही धुतलेले कपडे घालो, शेवटी 'जात दाखवणारच' म्हणणाऱ्यांची ही गोष्ट आहे. रॅटिगन खुनी आहे, त्याची बाजू मी घेत नाही. पण त्याचा गुन्हा त्याच्या जन्माला चिकटवायचं कारण काय? डिस्नेला आपली जात माहीत नसेल. जन्मावरून माणूस ओळखायची खोड मात्र चांगली माहीत आहे.

इंग्रजांनी हीच खोड 1871 साली कायद्यात लिहिली. गुन्हेगार जमाती कायदा. आईच्या पोटातून आलेलं पोर सरकारी वहीत गुन्हेगार. सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारेत पिढ्या कोंडल्या. 31 ऑगस्ट 1952 ला त्या जमाती विमुक्त झाल्या, पण पोलिसाच्या डोक्यातली वही काही फाटली नाही. मग मुंबई राज्यात 1959 चा सवयीच्या गुन्हेगारांचा कायदा आला.

मग आपल्या पोरांना डिटेक्टिव्ह जनावर द्यायचंच नाही का? द्यायचं. आणि ते आपल्याकडे आहे. होम्सच्या किती शतकं आधीचं. कुक्कुर जातक काढा.

राजाच्या रथाचा चामडी साज रात्री अंगणात भिजला आणि कुत्र्यांनी खाल्ला. नोकरांनी सांगितलं, गटारातून बाहेरची कुत्री आत शिरली. राजाने हुकूम दिला, दिसेल ते कुत्रं मारा. वाचलेली कुत्री मसणवट्यात पळाली. तिथे एक कुत्रा राहायचा, त्यांचा म्होरक्या. त्याने विचार केला, राजवाड्याला पहारा आहे, बाहेरचं कुत्रं आत जाईल कसं? चामडं आतल्यांनीच खाल्लं. हा झाला तपास! तो एकटा दरबारात गेला आणि राजाला एकच गोष्ट विचारली, सगळीच कुत्री मारता का? राजा म्हणाला, राजवाड्यातली जातिवंत सोडून. मग हा न्याय नाही, कुत्रा म्हणाला, ही दुबळ्यांची कत्तल आहे. पुरावा? ताक आणि दर्भ मागवला. राजवाड्यातल्या कुत्र्यांना पाजला. त्यांनी दरबारात चामडं ओकलं.

भटाच्या बोटातला दर्भ इथे कशाच्या कामी आला, बघा.

काही मित्र म्हणतील, जातकात पुनर्जन्म आहे, बाबासाहेबांच्या धम्मात तो बसत नाही. बरोबर. तो कुत्रा मागल्या जन्मी कोण होता हे सोडून द्या. या जन्मी तो काय करतो ते बघा. तो गावकुसाबाहेरचा आहे. संशयित तोच आहे आणि तपास करणाराही तोच. फ्रेडी आणि बेसिल विचारतात, चोरी कुणी केली? हा त्याच्याआधी विचारतो, झडती कुणाची घेतलीच नाही?

आणखी एक. चोर सापडल्यावर तो राजवाड्यातली कुत्री मारा म्हणत नाही. सगळ्या जिवांना अभय मागतो. सूड नको, कायदा सगळ्यांना एक. मात्र हुकमात मेलेल्या कुत्र्यांचा हिशेब त्या गोष्टीत कुणी मागत नाही. तो आपण मागायचा. जुनी गोष्ट आहे तशी पुजायची नसते, पुढे लिहायची असते.

तेव्हा विहारात पोरं जमवा आणि ही गोष्ट सांगा. मग नव्या लिहा. नायक मसणवट्यातलं कुत्रं असू द्या, उकिरड्यावरचं डुक्कर असू द्या, उंदीरसुद्धा असू द्या. पण एक अट. गोष्टीत कंपास हरवला तर पहिल्या बाकावरचं दप्तरही उघडलं पाहिजे.

जय भीम.