गाय 37,500, शेळी 4,000 : भरपाईच्या यादीत आपली माणसं कुठे आहेत?

सप्टेंबर 2025 च्या पुराने सोलापूर, धाराशिव, बीडमध्ये पिकांसोबत गोठेही नेले. 7 ऑक्टोबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. चर्चा हेक्टरच्या आकड्यांचीच झाली. जनावरांचा भाग मागे पडला, आणि आपल्या समाजातली बरीच भूमिहीन कुटुंबं नेमकी त्याच भागात येतात.

दर पाहू. दुधाळ गाय-म्हैस 37,500 रुपये, ओढकामाचा बैल 32,000, वासरू 20,000, शेळी-मेंढी 4,000, कोंबडी 100 रुपये. पूर्वी एका कुटुंबाला तीनच मोठ्या दुधाळ जनावरांची मदत मिळायची. सरकारने ही अट काढली, हे चांगलं झालं. पाच-सात म्हशी बांधून दुधाचा रतीब घालणाऱ्या गवळ्याला याचा खरा फायदा आहे.

पण दर 2022 चे आहेत. चांगली मुऱ्हा म्हैस आज लाखाच्या घरात जाते. शेळीचं तर विचारूच नका. चार हजारात कुठल्या आठवडी बाजारात दुभती शेळी मिळते, ते आम्हाला कुणीतरी दाखवावं. बकरी ईदवर नजर ठेवून वर्षभर बोकड वाढवणारी बाई त्याला मुलासारखं जपते. ईदला तो कितीला गेला असता, हा हिशेब पंचनाम्यात नसतो. तिथे चार हजारच. कोंबड्यांना केंद्राच्या 2022 च्या निकषात कुटुंबामागे 10,000 ची मर्यादा होती, म्हणजे शंभर पक्षी. दोन हजार पक्ष्यांचं शेड बुडालं, तर उरलेल्या एकोणीसशेंचं काय?

दुसरी अडचण कागदाची. सगळी व्यवस्था सातबाऱ्याभोवती बांधलेली. शेतकरी ओळखपत्रही जमिनीच्या नोंदीला जोडलेलं. ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही, फक्त दारात सहा शेळ्या आहेत, त्याचं नाव आपोआप कुठेच येत नाही. नियमात जमिनीची अट नाही, जनावराची मदत जनावर पाळणाऱ्याला आहे. तरी तलाठ्याकडे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याला स्वतः जाऊन नोंद करावी लागते. त्यात पुराने जनावर वाहून गेलं असेल तर मृतदेह नाही, शवविच्छेदन नाही. कानात बिल्ला असेल तर निदान जनावर होतं एवढं सिद्ध होतं. शेळ्यांच्या कानात बिल्ला किती जण मारून घेतात?

आणि समजा पैसे खात्यात आले. जनावर घरी आणायचं कसं? 2025 च्या पावसाळ्यातच, रस्त्यात गाड्या अडवून होणाऱ्या मारहाणीला कंटाळून कुरेशी समाजाने जनावरांची खरेदी बंद ठेवली होती. तेव्हा बाजार ओस पडले, आणि त्याची झळ हिंदू शेतकऱ्यालाही बसली. दुभती गाय विकत घेऊन टेम्पोत घालणाऱ्या मुस्लिम पशुपालकाच्या मनात आज हीच धास्ती असते. बाजार समितीची पावती जपून ठेवा, असं आम्ही सांगतो खरं. पण रस्त्यावर अडवणारे पावती वाचायला थांबत नाहीत.

2022 च्या या निकषांची मुदत मार्च 2026 पर्यंतची होती. नवे दर ठरताना शेळीची किंमत बाजाराला धरून लावा, ही मागणी आपल्या आमदार-खासदारांकडे लेखी जायला हवी. तोवर मस्जिदीच्या कमिटीने एक काम करावं. जुम्याच्या नमाजनंतर मोहल्ल्यातल्या शेळ्या-म्हशींची यादी करून बिल्ले मारून घ्यावेत. ज्या घरात कमावता पुरुष नाही, त्या घरापासून सुरुवात करावी. बँक खातं आधारला जोडलंय का, तेही त्याच वेळी बघून घ्यावं.