दाढेच्या जागी शेवाळ!

शुक्रवारी दाढ काढली, वीकेंडला आइस्क्रीम खाल्लं, सोमवारी ऑफिसात हजर. आपल्यापुरता विषय संपला! जबड्याचा मात्र तिथूनच सुरू होतो. दात गेला की त्याला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. डेन्मार्कच्या संशोधकांनी ४६ पेशंट्सची मापं घेऊन २००३ मध्ये दाखवलं, की वर्षभरात हाडाची रुंदी जवळपास निम्मी होते, आणि यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतलीच!

म्हणून पुढे इम्प्लांट बसवायचा असेल, तर डेंटिस्ट त्या खड्ड्यात पांढरी, दाणेदार पावडर भरतात. हाच तो बोन ग्राफ्ट. वेलीला मांडव घालतो ना, तसंच. आपल्या पेशी त्यावर चढतात आणि नवं हाड बांधतात. (अक्कलदाढेच्या जागी सहसा इम्प्लांट नसतो, त्यामुळे तिथे ही भानगड नाही.)

पण ही पावडर कशाची? बरेचदा गाईच्या हाडांची. वरून झाकायचा पातळ पडदा अनेकदा डुकराच्या कोलॅजेनचा. सगळं शुद्ध केलेलं, मेडिकली काहीच वावगं नाही. पण केकमध्ये अंडं आहे का, हे तीनदा विचारणारी मंडळी इथे फॉर्म न वाचता सही ठोकतात, याची गंमत वाटते.

पर्याय आहे, आणि तो समुद्रात उगवतो. एका लाल शेवाळाच्या अंगात चुना असतो. त्यातलं सेंद्रिय जाळून टाकायचं, उरलेल्यावर उष्णता आणि फॉस्फेटची प्रक्रिया करायची. तयार होतं हायड्रॉक्सिॲपेटाइट, म्हणजे आपल्या हाडातलंच खनिज. शेवाळाची बारीक छिद्रं तशीच राहतात, रक्तवाहिन्या त्यांतून आत शिरतात. व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी वरच्या जबड्यातल्या वापराचे दीर्घकाळचे चांगले निकाल २००५ मध्ये छापलेही.

इटलीत वेतापासून हाड बनवलंय, पण ते हातापायांच्या लांब हाडांसाठी. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठाने सफरचंदाच्या पेशी धुऊन उरलेला सांगाडा २०१६ मध्ये उंदरांत बसवून पाहिला. बातमी झकास, पण सेल्युलोज आपल्या शरीरात विरघळत नाही. तो मांडव तसाच राहणार! त्यामुळे जबड्यासाठी माझं मत सध्या शेवाळाला.

शेवाळाचं मिळालं नाही, तर लॅबमध्ये बनवलेला सिंथेटिक ग्राफ्टही प्राणिजन्य नसतो. फक्त दात काढण्याआधी विचारा. ग्राफ्ट बहुधा त्याच सिटिंगमध्ये भरतात, आणि तोंडात कापसाचा बोळा असताना 'डॉक्टर, हे व्हेज आहे का?' नीट उच्चारता येत नाही.